षड्ज, पंचम आणि तळहाताची कड

(दृश्य: रत्नागिरी. जांभ्याच्या भिंतींची कौलारू खोली. ड्रमखाली सतरंजी, खिडक्या बंद.)

इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत जाड तार मोकळी: ई. शेजारच्या तारेवर दुसरा फ्रेट, म्हणजे मानेवरची दुसरी धातूची पट्टी: बी. म्हणजे षड्ज आणि पंचम. गंधाराला इथे जागा नाही. याला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि हेवी मेटलचा बराचसा डोलारा याच्यावरच उभा आहे.

(दृश्य: अ‍ॅम्पची बटणं, जवळून.)

डिस्टॉर्शन म्हणजे ध्वनीच्या लाटेचे माथे कापणं. कापलेल्या लाटेतून नवे उपस्वर फुटतात आणि दोन सूर एकत्र असले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही वाजू लागतात. ई सुमारे ८२ हर्ट्झ, बी १२३. वजाबाकी ४१: एक सप्तक खालचा ई, जो कुणी वाजवलेलाच नाही! छातीत बसतो तो हा. गंधार घातला की या वजाबाक्या सुरात बसत नाहीत, सगळा चिखल होतो.

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांना चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या तीन अर्धस्वर उतरवल्या. १९७० साली आलेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात षड्जाला भिडतो तो तीव्र मध्यम. नंतरच्या मेटलने कोमल ऋषभही मनसोक्त वापरला. भजनाच्या शेवटी भैरवी ऐकणाऱ्या कोकणी कानाला तो मुळीच परका नाही.

(दृश्य: पिक, म्हणजे तार छेडायची पातळ चकती, धरलेला हात.)

मेटलचा दबका ठोका काढायला करंगळीखालची तळहाताची कड ब्रिजवर (तारांच्या खालच्या आधारपट्टीवर), तार जिथून सुटते तिथेच हलकी टेकवायची. अर्धा इंच पुढे सरकली तर नुसता ठोका उरतो. मागे गेली तर तार मोकळी गुंजते. हे साधलं नसेल तर आवाज बदलणारं, पायाने दाबायचं कुठलंही पेडल कामाचं नाही.

मग गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती हे ठरवणारं बटण. नवखा वादक तो दहावर नेतो आणि ठोक्याची धार घालवून बसतो. पाच-सहा पुरे. अ‍ॅम्पच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावायचं: त्याचं ड्राइव्ह (डिस्टॉर्शन) जवळपास शून्य, लेव्हल (आवाज) भरपूर. त्याने खालचा गदळ आधीच छाटला जातो. मिड (मधल्या पट्टीचे सूर) शून्यावर नेलेली गिटार घरी झकास वाटते, बँडमध्ये मात्र हरवते. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं बास गिटार आणि किक ड्रमला सोडून द्यावं.

खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसात गिटारची मान ओलावा धरते आणि वाकते. ट्रस रॉड (मानेतली वाक सावरणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग काही तास थांबून पुन्हा बघायचं.

स्पीकरमधून येणारी घरघर ही इथली जुनी डोकेदुखी. हंबकर पिकअप (तारांची थरथर टिपणारी दुहेरी गुंडाळी) हवेतून येणारी ५० हर्ट्झची घरघर मारतो, बिघडलेल्या अर्थिंगची नाही. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. अशा वेळी प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे भेटतात. घरघर जाते खरी, पण हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला लागले की करंट अंगातून जाऊ शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं, सगळे अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्यावेत, आणि गिटारच्या तारांना हात लावायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.