छातीतलं शीड

(दृश्य: हर्णै बंदर. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, मासळीच्या लिलावाची गर्दी. मग दापोलीकडे चढणारा रस्ता, एका छोट्या दवाखान्यातली एक्स-रेची खोली.)

निवेदन :
चार महिन्यांच्या बाळाचा खोकला हटेना, म्हणून छातीचा फोटो काढलाय. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि मागे उभ्या आजीची नजर एका ठिकाणी अडकली. हृदयाच्या वरच्या अंगाला, उजवीकडे, एक तिरकी पांढरी सावली.

"डॉक्टर, ह्यो पांढरा काय हाय?"

"आजी, घाबरू नका. ती ग्रंथी आहे. तान्ह्या बाळाच्या छातीत असायलाच हवी."

जगभरचे क्ष-किरणतज्ज्ञ या सावलीला शिडाची उपमा देतात. वाऱ्याने भरलेलं त्रिकोणी शीड, एक कड सरळ, एक फुगीर. बंदरावर जन्म गेलेल्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. या ग्रंथीचं नाव थायमस.

(दृश्य: जुन्या दवाखान्यांची कृष्णधवल छायाचित्रं.)

आजीला जी भीती वाटली, ती एके काळी डॉक्टरांनाही वाटायची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येकांची समजूत होती, की मोठी थायमस श्वासनलिका दाबते आणि बाळं दगावतात. म्हणून अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा करून ती आक्रसवली गेली. पुढे त्यातल्या अनेकांना थायरॉइडचा कर्करोग झाला. बाळाची थायमस मुळातच मोठी असते, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला किती उशीर झाला!

तिचं खरं काम कळलं १९६१ साली. लंडनमध्ये जाक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. मोठ्या उंदराची थायमस काढली तर फारसं काही बिघडत नाही, म्हणून ती निरुपयोगी मानली जायची. मिलर यांनी ती नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची काढली. पिल्लं संसर्गांनी खंगू लागली. परक्या उंदराची कातडी लावली, तरी त्यांचं शरीर ती नाकारेना. परकं ओळखणाऱ्या पेशीच तयार झाल्या नव्हत्या. त्यांनाच आज आपण टी-पेशी म्हणतो.

(दृश्य: ॲनिमेशन. अस्थिमज्जेतून रक्तात निघालेली एक पेशी थायमसमध्ये शिरते.)

ही पेशी हाडांच्या मगजात जन्मते आणि रक्तातून थायमसमध्ये येते. आली तेव्हा तिचं काहीच ठरलेलं नसतं. थायमसच्या अस्तरपेशी तिला स्पर्श करतात, आणि त्या स्पर्शातून पहिला संदेश जातो. अस्तरपेशीवरचं डेल्टा नावाचं प्रथिन येणाऱ्या पेशीवरच्या नॉच नावाच्या प्रथिनाला भिडतं. नॉचचा आतला तुकडा तुटून केंद्रकात जातो आणि तिथे टी-पेशीची जनुकं जागी करतो. हा स्पर्श घडला नाही, तर तीच पेशी बी-पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच्या, वाटेला लागू शकते. जगण्यापुरती पोषणाची आज्ञा देतो इंटरल्यूकिन-७ हा संदेशरेणू.

आता पेशी आपला ग्राही घडवते. ग्राही म्हणजे बाहेरचं जग ओळखण्याचं तिचं एकमेव साधन. रॅग नावाची प्रथिनं तिच्या डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात. ही जोडणी जवळजवळ नशिबावर असते, म्हणून दोन पेशींचे ग्राही क्वचितच सारखे निघतात. उद्या कुठला जंतू येणार हे शरीराला ठाऊक नसतं, म्हणून ते अशी अगणित रूपं आधीच घडवून ठेवतं. पण त्यातली कित्येक निकामी निघणार आणि काही थेट स्वतःच्याच शरीरावर उलटणार, हे ओघानेच आलं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो यापुढचा भाग.

(दृश्य: ॲनिमेशन. टी-पेशी आणि अस्तरपेशी समोरासमोर. पेशीच्या आत ठिणगीसारखे ठिपके.)

अस्तरपेशी आपल्याच शरीरातल्या प्रथिनांचे तुकडे पुढे धरतात. पेशीचा ग्राही ते चाचपतो. काहीच जुळलं नाही तर आत संदेश जात नाही, आणि अशी पेशी तीन-चार दिवसांत मरते. हलकंसं जुळलं तर एलसीके हे विकर ग्राहीच्या शेपटावर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० हे दुसरं विकर येऊन बसतं, त्याच्याकडून संदेश लॅट या प्रथिनाकडे जातो, आणि पुढे कॅल्शियम व ईआरके यांच्या वाटांनी केंद्रकापर्यंत पोचतो. या मंद, टिकून राहिलेल्या संदेशाचा अर्थ: जग. ग्राही घट्ट चिकटला तर हीच साखळी झपाट्याने भडकते, आणि तेव्हा अर्थ होतो: मर. रेणू तेच, क्रम तोच. फक्त जोर आणि वेळ वेगळी, आणि निकाल अगदी उलटा.

पेशी मदतनीस होणार की मारेकरी, हेही बरंचसं संदेश किती टिकतो यावर ठरतं. सलग राहिला तर अंगावर सीडी-४ ही खूण असलेली मदतनीस, मध्येच तुटला तर सीडी-८ असलेली मारेकरी.

थायमसच्या गाभ्यात आणखी एक परीक्षा असते. तिथल्या अस्तरपेशींमध्ये एअर नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जोरावर त्या, इतर वेळी फक्त स्वादुपिंडात बनणारं इन्शुलिनसुद्धा थोडंसं बनवून दाखवतात. इन्शुलिन पाहून जी पेशी पेटून उठते, ती तिथेच संपवली जाते. काहींना मात्र वेगळी वाट मिळते. फॉक्सपी-३ हे जनुक जागं होऊन त्या इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशी होतात. या पेशींचा शोध लावणारे शिमोन साकागुची आणि फॉक्सपी-३ ची उकल करणारे मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ग्राही घडवायला लागलेल्या शंभर पेशींतल्या पाचसुद्धा थायमसबाहेर पडत नाहीत.

(दृश्य: पुन्हा दवाखाना. लसीकरणाचा दिवस. आशाताई नोंदवहीत लिहिताहेत.)

या साखळीतला एक दुवा जन्मतःच नसेल तर? रॅग नसेल तर ग्राहीच घडत नाही, आणि टी-पेशींसोबत बी-पेशीही बनत नाहीत. अशा बाळाच्या तोंडात बुरशी वारंवार येते, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया परत परत होतो, वजन चढत नाही. छातीच्या फोटोत शिडाची सावलीच दिसत नाही. जन्मल्यावर डाव्या दंडावर दिलेली बीसीजी ही जिवंत जंतूंची लस. इतर बाळांना ती राखते, पण या बाळाच्या अंगभर पसरू शकते.

म्हणून आशाताई, तुम्हाला आमची कळकळीची विनंती आहे. अशा बाळाच्या घरी गेलात तर आजीला एक प्रश्न नक्की विचारा: "याच्या आधी घरात एखादं लेकरू वर्षाच्या आत गेलं होतं का?" नवरा-बायको नात्यातले असतील, तर तेही विचारा. मग साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. ती तालुक्याला होते. तान्ह्या बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी, बी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला साधारण ३,००० च्या खाली असतील, तर वाट पाहू नका. साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जा रोपण झालेल्या बाळांची जगण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते.

पण झॅप-७० नसलेल्या बाळाची सीबीसी फसवू शकते. त्याचा एकूण आकडा बऱ्याचदा ठीक दिसतो. तिथे फ्लो सायटोमेट्री लागते, म्हणजे एकेका जातीच्या पेशींची वेगळी मोजणी. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे हे काम चालतं. त्या मोजणीत सीडी-४ च्या पेशी दिसतात, पण ग्राही डिवचला तरी त्या हलत नाहीत. आणि सीडी-८ च्या जवळजवळ नसतातच.