खाऱ्या पाण्याचं माप

नमस्कार श्रोतेहो.

पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या घरी ब्रिक्स मीटर असतंच. माल काढणीला आला की मणी दाबून रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे तोंड करून साखर किती उतरली ते बघायचं. घरी प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं मीठ मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर दिसायला अगदी तसंच. तत्त्वही एकच, पाण्यात काय विरघळलंय त्यानुसार प्रकाश वाकतो. पट्टी मात्र वेगळी, त्यामुळे बागेतलं मीटर टाकीला चालत नाही.

मिठाच्या मीटरमध्येही दोन जाती आहेत. बाजारात स्वस्तात मिळतात त्यातली बरीचशी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं. त्याचा खारेपणा ३५ असेल, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, तर असं मीटर साधारण साडेछत्तीस दाखवतं. म्हणून घेताना विचारा, पट्टी समुद्राच्या पाण्याची आहे ना?

आता माझी चूक सांगतो. मी आरओच्या पाण्याने मीटर शून्यावर आणायचो आणि निश्चिंत व्हायचो. एका एप्रिलमध्ये माझे मशरूम प्रवाळ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ, आक्रसले. नाशिकचा उन्हाळा कोरडा. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मागेच राहतं. मीटर म्हणत होतं ३५. शेवटी ३५ चं प्रमाणित द्रावण आणून थेंब टाकला, तर मीटरने दाखवलं ३२! म्हणजे टाकी होती ३८ च्या आसपास. शून्यावर बरोबर असलेलं मीटर ३५ वरही बरोबर असेल, हे मी गृहीत धरलं होतं. त्या मुक्या जिवांनी त्याची किंमत मोजली, याचं मला आजही वाईट वाटतं. थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घालत, आठवडाभर हळूहळू मीठ उतरवलं. एकदम उतरवू नका, तो धक्का आणखी वाईट.

तेव्हा मीटर कुठलंही घ्या, सोबत ३५ चं द्रावण घ्याच, आणि महिन्यातून एकदा त्याच्यावर मीटर लावा. ते मिळालं नाही तर सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर साडेछत्तीस ग्रॅम कोरडं शुद्ध मीठ तोला आणि आरओचं पाणी घालून एकूण वजन बरोबर एक किलो करा. हे पाणी समुद्राच्या ३५ इतकाच प्रकाश वाकवतं. पण ते फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून मीठ मोजणाऱ्या मीटरला वेगळं द्रावण लागतं, ५३ मिलिसिमेन्सचं.

पाण्याच्या घनतेवरून मीठ सांगतो तो हायड्रोमीटर. त्यातला प्लास्टिकचा काटेवाला मला पटत नाही. काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा उगाच चढतो. काचेचा तरंगता हायड्रोमीटर मात्र भरवशाचा. त्याच्यावर लिहिलेलं तापमान बघा. २५ अंशांना आकडा १.०२६ हवा, म्हणजे पाणी गोड्या पाण्याच्या १.०२६ पट जड. पाणी तापलं की ते हलकं होतं आणि काच जास्त बुडते. घरच्या आरओचं टीडीएस मीटर समुद्राच्या पाण्यात बुडवूच नका, तेवढा त्याचा आवाकाच नाही.

आणखी एक. दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. कुणी विकायला आणले, तरी घेऊ नका.

माझे मशरूम नवव्या दिवशी उघडले. त्या संध्याकाळी टाकीसमोरून उठवत नव्हतं.

नमस्कार.