पापणीवरचं लासं

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री चढते, ज्वारीची पोती चढतात, कोयते चढतात. सगळ्यात शेवटी आईच्या कडेवर चढतं तीन आठवड्यांचं लेकरू.

त्याच्या डाव्या पापणीवर लाल ठिपका आहे. आजी म्हणते, "गिरान लागलंय. सुनंनं गिरानात भाजी चिरली."

आजीचा जीव लेकरातच आहे. पण सुनेकडून काहीही चुकलेलं नाही, ग्रहणाचा इथं संबंधच नाही. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढल्या की असं लासं उठतं. डॉक्टर त्याला हिमँजिओमा म्हणतात. तो कॅन्सर नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना होतो. मुलींना जास्त, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्यांना जास्त.

आजीच्या स्वतःच्या पोटावरही डाळिंबाच्या दाण्यासारखे लालभडक तीळ आहेत. तेही रक्तवाहिन्यांचेच, तिशी ओलांडली की अनेकांना येणारे, निरुपद्रवी. त्यांचा दोष मात्र कुणी कुणाला दिला नाही.

लेकराचं लासं जन्मताना बहुधा दिसत नाही, दिसलं तर फिकट ओरखड्याएवढं. मग ते लाल होतं, फुगतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात झपाट्यानं वाढतं. वर्षाच्या आसपास मधोमध राखाडी छटा उमटते आणि ते ओसरायला लागतं. बहुतेकांचं चार वर्षांपर्यंत बसून जातं.

पाठीवर, दंडावर लहानसं असेल तर नुसतं लक्ष ठेवावं. बिब्बा लावू नये, डाग देऊ नये.

पापणीवर मात्र वाट बघायची सोय नाही. पापणी जड होऊन डोळा झाकला, तर त्या डोळ्याची नजर घडतच नाही. मेंदू दुसऱ्याच डोळ्यानं बघायला शिकतो. ओठावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, लंगोटाच्या जागी चिघळलं असेल, तरी उशीर करू नये. हनुवटीवर, गळ्यावर पसरलंय आणि श्वासाला घरघर आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगावर पाच किंवा जास्त लाशी असतील तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात, कारण यकृतातही गाठी असू शकतात.

आणि यावर औषध आहे. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टर क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळवलं, की हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाचं लासं फिकट पडत गेलं. तेच आज पहिलं औषध आहे. ते डॉक्टरांनी तपासून, वजनावर मात्रा ठरवूनच द्यायचं. उपाशी पोटी कधीच नाही, बाळाची साखर उतरते. आधी अंगावर पाजायचं, मग औषध. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं.

गावात असतं तर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताई घरी येऊन लेकरू बघून गेली असती. पण लासं भराला येतं ते नेमके हे आठवडे कोपीत जातात, फडाच्या कडेला, मुलखाबाहेर.

म्हणून दीड महिन्याची लस चुकवू नका. कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र परकं नाही, लस तिथंही मिळते. इंजेक्शन मांडीवर नाहीतर दंडावर असतं, म्हणून कुंची कुणी काढत नाही. तुम्ही काढा. लेकराची पापणी नर्सबाईला दाखवा.

आईनं मोबाइलमध्ये दोन फोटो ठेवलेत. दोन्हींत लाशाशेजारी एक रुपयाचं नाणं धरलंय. पहिल्यात लासं नाण्यावरच्या आकड्याएवढं आहे. दुसरा दोन आठवड्यांनंतरचा, त्यात ते अर्ध्या नाण्याएवढं झालंय.