रात्री एक वाजता तिकीट बघणाऱ्याला काय मिळतं?

नमस्कार मंडळी! आज थोडं अवघड जागेचं दुखणं: गेमचा सर्व्हर फुकटात सांभाळणाऱ्या मॉडना, म्हणजे तक्रारी आणि नियम बघणाऱ्या स्वयंसेवकांना, द्यायचं काय? जीटीए आरपी (जीटीए गेममध्ये एखादं पात्र बनून जगायचा ऑनलाइन खेळ) खेळणाऱ्यांना लगेच कळेल.

(स्क्रीनवर डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरचं तिकीट, म्हणजे खेळाडूची तक्रार)

रात्रीचा एक वाजलाय. तिकीट येतं: "भाई माझी सुल्तान गायब झाली, गॅरेजमध्ये नाहीये, रिफंड दे." मॉड सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडतो. गाडी परवाच याने स्वतः मित्राच्या नावावर केलेली असते. तसं सांगितलं की समोरून शिव्या. मग "क्लिप आहे का?", "नाही", "मग कसं मानायचं?" अशी अर्धा तास हुज्जत. सकाळी त्याच मॉडला आठचं लेक्चर. मिळालं काय? नावापुढे हिरवा रंग, स्टाफची खूण.

आता म्हणाल, हौसेने करतो ना तो! करतो. पण सर्व्हरवर व्हीआयपी पॅकेज विकलं जात असेल, तर हौस एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा. हे दुखणं नवं नाही.

अमेरिकेत एओएल नावाची इंटरनेट कंपनी होती. 1991 ते 1997 तिच्यावर नेव्हरविंटर नाइट्स हा ऑनलाइन रोलप्लेइंग गेम चालायचा. चॅटरूम आणि फोरम सांभाळायला तिच्याकडे हजारो स्वयंसेवक होते. मोबदला म्हणजे फुकट कनेक्शन. तेव्हा बिल तासावर यायचं, त्यामुळे फुकट तासांना किंमत होती. डिसेंबर 1996 मध्ये कंपनीने महिन्याला सरसकट 19.95 डॉलरचा प्लॅन आणला. काम तेवढंच राहिलं आणि बक्षिसाची किंमत एका फटक्यात घसरली. त्यात ठरलेल्या शिफ्ट, किमान तास, कामाचे रिपोर्ट. 1999 मध्ये काही जण कोर्टात गेले: ही नोकरी आहे, पगार द्या. 2010 मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली.

अल्टिमा ऑनलाइनचंही तसंच. 1997 चा गेम. त्यात निळा झगा घातलेले काउन्सेलर अडलेल्या खेळाडूंना मदत करायचे, मोबदल्यात खातं फुकट. 2000 मध्ये खटला, 2004 मध्ये तडजोड.

म्हणून माझं म्हणणं, शिफ्ट लावायची, हजेरी घ्यायची, सुट्टीसाठी अर्ज मागायचा आणि वर "आपण तर फॅमिली आहोत" म्हणायचं, हे चालणार नाही. नोकरीसारखं राबवायचं असेल तर पैसे मोजा.

मग सर्व्हरमालक सोपी पळवाट काढतात: गेममधलंच काहीतरी देऊन टाकू! स्टाफला सुपरकार, स्टाफच्या गँगला शस्त्रं. इथेच सर्व्हर बसतो. गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला टी-शर्ट जरूर द्या, पण त्याच्या घरच्यांना रांग तोडून थेट गाभाऱ्यात सोडलं की बाहेर कुजबुज सुरू होते. (सोडतातच म्हणा, तो भाग वेगळा.) ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये 2007 साली उघड झालं, की कंपनीच्याच एका डेव्हलपरने आपल्या गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिले होते. तो पगारी माणूस, स्वयंसेवक नव्हे, पण विश्वास तसाच उडाला. पुढच्या वर्षी खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळच नेमावं लागलं.

म्हणून, द्यायचं ते खेळात फायदा न होणारं द्या. वेगळं जॅकेट, गाडीचा खास रंग, एखाद्या दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव. आणि कोणाला काय दिलं ते सगळ्यांना दिसू द्या.

आता खरी गोम. स्टाफमध्ये आपापसात वाटप कसं करायचं? बहुतेक ठिकाणी तिकिटं मोजतात. महिन्यात जास्त तिकिटं बंद करणारा हिरो. मग होतं काय, व्हाइटलिस्टची (सर्व्हरवर प्रवेश देण्याची) दोन मिनिटांची तिकिटं पटापट उचलली जातात. आणि तीन क्लिप, चार साक्षीदार असलेलं आरडीएमचं (विनाकारण कोणाला मारल्याचं) भांडण दोन दिवस तसंच पडून. ते उचलणारा आकड्यात मागेच. इव्हेंट रचणारी, नवख्याला रेडिओ कसा वापरायचा ते शिकवणारी माणसं तर मोजणीतच येत नाहीत. त्यापेक्षा महिनाअखेरीला स्टाफलाच विचारा, तुमचं सगळ्यात किचकट काम कोणी निस्तरलं? नावं आपोआप पुढे येतात.

बॅन अपीलवर, म्हणजे बाहेर काढलेल्या खेळाडूंच्या फेरविचाराच्या अर्जांवर, बसणाऱ्याला मधूनमधून मोकळा महिना द्या, त्याचा स्टाफचा दर्जा न काढता. तो मॉड झाला तेव्हापासून त्याचं स्वतःचं कॅरेक्टर धूळ खात पडलंय. त्याला खेळू द्या ना!

सर्व्हरच्या दुकानातून (व्हीआयपी पॅकेज वगैरे विकून) पैसे येत असतील तर होस्टिंगचा खर्च वजा करून हिशोब स्टाफपुढे मांडा. उरलेलं वाटायचं की नाही ते मिळून ठरवा, फक्त आकडा लपवू नका.

आणि कॉलेजवाल्या मॉडने शिफारसपत्र मागितलं, तर "मेहनती व प्रामाणिक आहे" असलं गुळगुळीत काही देऊ नका. लिहा: "रात्रीच्या वेळी आलेल्या तक्रारी लॉग तपासून सोडवल्या, नव्या मॉडना शिकवलं, बॅन अपीलचे नियम लिहून काढले." खाली तुमचं नाव, तारीख, आणि मुलाखत घेणाऱ्याने फोन केला तर उचलाल असा नंबर.