मीठ, पाऊस आणि खिशातला पहिला चाकू

(दृश्य: चवथीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. गणपतीच्या जागेवर टांगलेली माटोळीची, म्हणजे रानफळं बांधायची लाकडी चौकट. खाली सुपात रानफळं.)

केवणीचा, म्हणजे रानातल्या झुडपाच्या सालीचा, दोर हाताने तुटत नाही. फोंड्याच्या आमच्या घरात माटोळी बांधायला बसलं की पहिली हाक चाकूची येते. कांगलां बांधा, आंबाड्यांचा घोस बांधा, सुपारीचा घड बांधा. मधेच तोरींगणाच्या (पपनसाच्या) वजनाने चौकट एका बाजूला कलते, मग गाठ सोडा आणि पुन्हा बांधा. प्रत्येक गाठीनंतर दोराचं उरलेलं शेपूट कापायचं असतं. स्वयंपाकघरातली सुरी आईला हवी, आदोळी (विळी) जागची हलत नाही आणि कोयता या कामाला फार मोठा. अशा वेळी माझे वडील खिशातून घडीचा चाकू काढतात. पातं जेमतेम बोटभर. दोरावर टेकवून जरा ओढलं की दोर सुटतो.

गेल्या चवथीला भाचा शेजारी बसून हे बघत होता. म्हणाला, "मामा, मला असा एक घ्यायचाय. दीड हजार साठवलेत. कुठला घेऊ?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझा पहिला चाकू मी चुकीचा घेतला होता.

मी अठराचा होतो. रस्त्याकडेच्या एका गाड्यावर तो दिसला. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीला चकचकीत पितळी रंग. मनगटाला झटका दिला की फटकन उघडायचा आणि तेवढ्यावरच मी भाळलो. जूनमध्ये घेतला. जुलैत पात्यावरचा काळा रंग सोलून निघाला. ऑगस्टमध्ये एकदा शहाळ्याच्या तोंडाशी टोक घालून जोर दिला, तर लॉक सुटलं आणि पातं माझ्याच बोटावर मिटलं. तर्जनीवरची ती खूण अजून आहे. चवथ येईपर्यंत बिजागरीत इतका गंज चढला होता की चाकू उघडायला पक्कड लागायची.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी आठ दिवस एक काम कर. जेव्हा जेव्हा वाटेल की आत्ता चाकू हवा होता, तेव्हा मोबाइलमध्ये लिहून ठेव.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावरची यादी.)

पार्सलची चिकटपट्टी, चार वेळा. तांदळाच्या पोत्याची शिवण. चिबडाची फोड. जुवारी नदीच्या काठावर गळ टाकून बसला असताना गुंतलेली तंगूस. शर्टाच्या बाहीतून लोंबणारा दोरा. नव्या चपलेची खूणचिठ्ठी. यातल्या एकाही कामाला तीन इंचांहून लांब पातं लागलं नसतं. अडीच ते तीन इंच, सरळ धार, दात नकोत. दातेरी धार ओला दोर झपकन कापते हे खरं, पण ती साध्या दगडावर लावता येत नाही. पहिल्याच चाकूला ती अडचण कशाला?

(दृश्य: बेतीजवळची मालीम जेटी. पहाट. ट्रॉलरवरचे दोर, जाळी, गंजलेल्या साखळ्या.)

गोव्यात चाकू निवडताना किमतीच्या आधी हवा बघायची. या जेटीवर लोखंडाची एकही वस्तू तांबूस झाल्याशिवाय राहिलेली नाही. समुद्रापासून आत, फोंड्याकडे, डिचोलीकडे मीठ कमी, पण पावसाळ्यातली ओल तीच. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, खिडक्यांच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात. घडीचा चाकू म्हणजे शेवटी एक बिजागरीच, आणि तीही दिवसभर घामाने ओलसर झालेल्या खिशात.

लोखंडात कार्बन मिसळला की पोलाद होतं. ते कडक करता येतं, धार धरतं आणि गंजतंही. त्यात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागताच पुन्हा भरून येतो. स्टेनलेस म्हणतात ते हेच. पण मिठातलं क्लोराइड हा थर बारीक बारीक ठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. स्टेनलेस गंजतंच, फक्त उशिरा आणि कमी. खाऱ्या पाण्याला लागलेला चाकू गोड्या पाण्याने धुवायलाच हवा.

स्वस्त चाकूंवर हल्ली 'डी२' हे पोलादाचं नाव ठळक छापलेलं असतं आणि नव्या माणसाला त्याची भुरळ पडते. त्याची धार खरोखर खूप टिकते. क्रोमियमही बारा टक्क्यांच्या आसपास. मात्र त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कडक कण बनतात आणि संरक्षक थरासाठी थोडंच उरतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चाकू वर्षानुवर्षं छान राहील. आपल्याकडे एका पावसाळ्यात त्यावर डाग उठतात. शिवाय ते पोलाद इतकं चिवट की नवशिक्याला धार लावता लावता कंटाळा येतो. माझं सांगणं असं, की साध्या ४२० या स्टेनलेस पोलादाला नाक मुरडू नका. त्याची धार लवकर उतरते, पण दगडावर पाच मिनिटांत परतही येते. थोडे जास्त पैसे असतील तर १२सी२७ हे स्टेनलेस पोलाद बघा. धार आणि गंज, दोन्हीचा मेळ त्यात चांगला बसतो.

(दृश्य: वडिलांच्या हातातला जुना चाकू. काळंनिळं पातं.)

आता तुम्ही विचाराल, वडिलांचा चाकू कसला? तो साध्या कार्बन पोलादाचा. दर एप्रिल-मे महिन्यात सोलांसाठी भिरंडं (कोकमं) फोडून फोडून त्या आंबटाने पात्यावर काळानिळा रंग चढला आहे. हा रंग म्हणजेही एक थरच, तो तांबड्या गंजाला थोडाफार आवर घालतो. पण चाकू टिकला तो वडिलांच्या सवयीमुळे. काहीही कापलं की मिटण्याआधी ते पातं लुंगीला पुसतात. दोन्ही बाजूंनी. चाळीस वर्षांत मी हे चुकलेलं पाहिलं नाही. ज्याला ही सवय आहे त्याने खुशाल कार्बन पोलाद घ्यावं. भाच्याला ती नव्हती.

(दृश्य: टेबलावर दोन चाकू. एक लाकडी मुठीचा, एक लाल.)

जगभर पहिला चाकू म्हणून ज्यांची नावं निघतात, त्यातले हे दोन. लाकडी मुठीचा ओपिनेल. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला, शेतकऱ्यांसाठी. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. मुठीच्या मानेभोवती फिरणारी कडी आहे ना, ती १९५५ साली आली. पातं उघडून कडी फिरवली की ते मिटत नाही. इतकं साधं, इतकं भरवशाचं लॉक मला दुसरं आवडलेलं नाही. पण मूठ लाकडाची. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. मग मुठीचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं वर येतं. साव्वाचे लोक हेच करतात. घेतलाच तर पातं स्टेनलेसचं घ्या आणि मुठीला आधी जवसाचं तेल मुरवा.

लाल चाकू स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये ईबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. व्हिक्टोरिया हे त्यांच्या आईचं नाव आणि इनॉक्स म्हणजे न गंजणारं पोलाद. दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स. मूठ प्लास्टिकची, ओलीने फुगत नाही. याच्या छोट्या आणि मध्यम नगांना लॉक नसतं, पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं. कापण्यासाठी ते पुरेसं आहे. टोक खुपसून जोर लावायचा नाही, एवढं हाताला शिकवावं लागतं.

तिसरा प्रकार लायनर लॉकचा. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी येऊन टेकते. दुकानात हे नीट बघून घ्या. पट्टी पूर्ण सरकते की काठावरच अडते? पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा, खुळखुळतं का? मिटल्यावर ते मुठीच्या बरोबर मधे बसतं की एका बाजूला घासतं? दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान गाठा. बटण दाबताच उघडणारे चाकू तर मुळीच नकोत. कामाच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग नाही आणि पोलिसांच्या नजरेत तुम्ही विनाकारण येता.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र मानतात. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक हत्यारं त्यातून वगळली आहेत. सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात आणखी बंधनं घालू शकतं. तीन इंची चाकू या मापाच्या खूपच आत आहे, तरी तो जत्रेत, मोर्चात, न्यायालयात नेऊ नका. दाबोळी किंवा मोपाला विमान पकडायचं असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नको, तो चेक-इनच्या सामानात द्या.

(दृश्य: मडगावचा बाजार. मग घराचा पडवीतला बाक, पाण्याचा वाडगा, धारेचा दगड.)

भाच्याने शेवटी मडगावच्या बाजारात एक चाकू घेतला. ४२० पोलाद, लायनर लॉक, नारिंगी नायलॉनची मूठ. गवतात पडला तरी दिसावा म्हणून रंग त्यानेच निवडला. त्याच्या पैशातून धारेचा दगडही आला, एका बाजूने जाड कणांचा, दुसऱ्या बाजूने बारीक. सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे पातळ पातं देऊ नये. कोरड्या चाकावर धारेची कड इतकी तापते की पोलादाचा कडकपणा जातो, आणि निळसर पडलेली कड पुन्हा धार धरत नाही.

जवळून बघा. दगड भिजलेला. पातं दगडावर आडवं टेकवलं, मग पाठ थोडी उचलली, साधारण वीस अंश. जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे, तसं पुढे सरकवायचं. मुठीपासून टोकापर्यंत. दाब हलका आणि कोन तोच. एका बाजूने दहा-बारा वेळा झालं की दुसऱ्या बाजूच्या कडेवर अंगठा आडवा फिरवा, धारेच्या दिशेने कधीच नाही. तिथे बारीक खरखर लागते. धार कडेपर्यंत पोचल्याची ती खूण. मग बाजू बदला. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती खरखर उतरवा, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढा. दगड नसेल तर चहाचा चिनीमातीचा कप पालथा घाला. बुडाशी झिलई नसलेली जी खडबडीत कड असते, तीवर उतरलेली धार परत आणता येते.

पहिल्या दिवशी भाच्याचा कोन दहादा चुकला. पात्यावर ओरखडे आले, त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, अरे, राहू देत. चौथ्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापला गेला. पुन्हा पुन्हा कापून त्याने अख्खी पुरवणी संपवली.

मे महिन्यात त्याने फणस कापला आणि पातं चिकाने माखलं. साबणाने चीक निघत नाही. खोबरेल चोळलं की सुटतो. त्याच खोबरेलाचा एक थेंब बिजागरीत सोडायचा आणि चार-सहा वेळा उघडमीट करायची. खाण्याच्या वस्तू कापायच्या चाकूला मशीनचं तेल नको, आणि खोबरेल आपल्या घरात असतंच.

(दृश्य: पुन्हा माटोळी. या वर्षीची.)

या पावसाळ्यात त्याच्या पात्याच्या मुळाशी एक तपकिरी ठिपका आला होता. त्याने तो मला दाखवला, घासून काढला आणि त्या दिवसापासून पातं पुसायला लागला.

काल संध्याकाळी तोरींगण बांधून झालं. वडिलांनी खिशाकडे हात नेला, तेवढ्यात भाचा म्हणाला, "आजोबा, थांबा." त्याने नारिंगी मुठीचा चाकू उघडला, दोराचं शेपूट कापलं, पातं शर्टाला पुसलं. दोन्ही बाजूंनी. वडिलांनी हात पुढे केला. भाच्याने चाकू मिटून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उघडला, अंगठा कडेवर आडवा फिरवला, आणि आंबाड्यांचा पुढचा घोस स्वतः न कापता त्याच्यासमोर धरला.