एकाच चेहऱ्याचे दोन गाल, दोन वयं

एका चेहऱ्याचा फोटो आहे. माणूस एकच, वय ६९, अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर, २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेली केस आहे ही. उजवा गाल ठीकठाक, आणि डावीकडे एवढ्या खोल सुरकुत्या, जाड लोंबलेली कातडी, की ती बाजू त्याच्या वडिलांची वाटावी. २८ वर्षं गाडी चालवली, तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डावा गाल कायम खिडकीला (आपल्याकडे असता तर उजवा गेला असता).

आता तुम्ही म्हणाल, काच लावून बसायचं मग. पण नाही ना. उन्हातल्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांपैकी ज्याने कातडी भाजून लाल होते ते यूव्हीबी किरण काच बरेचसे अडवते, पण यूव्हीए आरामात आत येतो, भाजत नाही म्हणून कळतही नाही, आणि जातो मात्र खोल, वरच्या थराच्या खाली जिथे कोलॅजन असतं तिथपर्यंत.

कोलॅजन म्हणजे कातडी घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन. ते बनवणाऱ्या पेशी वयानुसार मंदावतात, बायकांमध्ये पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत तर ते झपाट्याने घटतं, हे कुणालाच चुकत नाही. ऊन मात्र वरून वेगळा मार देतं. मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या टीमने १९९०च्या दशकात दाखवलं की कातडी लाल व्हायच्या आतच, अगदी थोड्या यूव्हीनेसुद्धा, कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स कामाला लागतात. मग शरीर दुरुस्ती करतं, पण घाईत घातलेल्या टाक्यासारखी, दरवेळी थोडं उसवलेलं राहतंच, आणि अशी वर्षानुवर्षं साठलेली उसवण म्हणजे सुरकुती.

बरं, हे थांबवता येतं का? बऱ्यापैकी येतं, आणि उपाय अगदी बोअरिंग आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात ५५च्या आतल्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा लावलं. हाताच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन तपासलं तर रोजवाल्यांची कातडी २४ टक्के कमी म्हातारी झालेली. क्रीम होतं साधं एसपीएफ १५ प्लसचं! त्याच अभ्यासात काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग दिसला नाही, तेव्हा ग्लोच्या गोळ्या विकत घेताना जरा दम धरा. आणि हो, एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी ट्यूबवर 'पीए' लिहिलेलं असतं त्यापुढचे प्लस बघायचे.

झालेलं नुकसान थोडंफार भरून काढणारं, सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. मुळात पिंपल्सचं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या कातडीवर त्याचे निकाल मांडले, १९९५ला अमेरिकेत त्याला बारीक सुरकुत्यांसाठी मंजुरी मिळाली. रात्री लावायचं, सुरुवातीला सालं निघतात, आग होते, महिनोन्महिने धीर धरावा लागतो, प्रेग्नन्सीत अजिबात नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

आपल्याकडे कातडीला रंग देणारं मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, त्याआधी डाग आणि वांग येतात. मग मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब येते, आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, सगळे खूश. त्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलंय का बघा, कारण ते स्टिरॉइड आहे, जे कोलॅजन वाचवायला आपण सनस्क्रीन लावतोय तेच ते कमी करतं, कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. बरेच महिने लावत असाल तर मनानेच एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो, ट्यूब घेऊन सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा.