सापळा सवयीला लावतात

मंडळी, आजचा विषय बूबी ट्रॅप, म्हणजे रोजच्या वाटणाऱ्या वस्तूत किंवा वाटेत दडवलेला सापळा. हा मूळ इंग्रजी शब्द पोरखेळातून आला आहे. बूबी म्हणजे बावळट. अर्धवट उघड्या दारावर पाण्याची बादली ठेवायची आणि दार ढकलणाऱ्याची फजिती बघायची, असा तो खेळ. पण त्यातलं तत्त्व रणांगणातही तसंच राहिलं. दार दिसलं की माणूस ढकलतो, आणि सापळा लावणारा त्या ढकलण्यावरच सगळी भिस्त ठेवतो. म्हणून लाकूड, लोखंड, दारू यांच्याआधी सापळ्यात माणसाची सवय पाहावी.

याचा सगळ्यात चांगला नमुना आपल्याकडेच आहे, देवगिरी किल्ल्याची अंधारी, म्हणजे गडावर जाणारा अंधारा बोगदा.

डोंगर चहूबाजूंनी सरळ तासलेला आणि पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक. खंदकावरच्या अरुंद पुलाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवला आहे. पायऱ्या उतरायच्या, चार पावलं जायचं, पुन्हा पायऱ्या चढायच्या. खंदकातलं पाणी वाढवलं की मधला भाग बुडतो. पूल मोडायची गरज नाही, आणि शत्रू गेल्यावर पाणी उतरवलं की वाट पूर्ववत.

पूल ओलांडला की कातळात खोदलेला बोगदा. पायऱ्या वळणं घेत वर चढतात. मराठवाड्याच्या उन्हातून माणूस आत शिरला की आधी काहीच दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि हल्ला करणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. मशाल पेटवावी, तर मशालवाला सगळ्यांना दिसतो आणि त्याला स्वतःला मात्र दोन हातांपलीकडचं दिसत नाही. मागचे ढकलत असतात, पुढच्याला थांबता येत नाही. वाटाडे एका बाजूचं तोंड दाखवतात. तिथून उजेड येतो, आणि अंधारात चाचपडणारा माणूस उजेडाकडेच वळणार. त्या तोंडापलीकडे सरळ खंदक आहे.

वरच्या तोंडाला लोखंडी झाकण असे आणि त्यावर आगटी पेटवत. शेजारी हवेसाठी खोदलेलं भोक आहे, विस्तवाला ओढ मिळावी म्हणून. धूर खाली कोंडून शत्रू गुदमरवत, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण बोगदा चढता आहे आणि आग त्याच्या माथ्यावर. गरम हवा वरच जायची. वारा आत घुसला तरच धूर खाली उतरेल. माझ्या मते खरा मारा झाकणाचाच होता. लोखंड तापलं की त्याला ना हात लावता येतो, ना खांदा. अरुंद जागेत माणसं अडकतात, आणि मागचे पुढे रेटतच राहतात.

असला बंदोबस्त असूनही देवगिरी हरली. दोन प्रसंग सांगतो, दोन्ही अंधारीला बगल देऊन. १२९६मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवराय बालेकिल्ल्यात होते आणि सैन्याचा मोठा भाग बाहेर. धान्याची म्हणून घाईघाईत गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, असं तवारिखेत सांगितलं आहे. १६३३मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरच्या अंबरकोटाची भिंत उडवली. आत उपासमार सुरू झाली आणि अखेर मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला सोडला. सापळा वाटेवर असतो. वाटेने न येता गडाच्या कोठारावर येणाऱ्या शत्रूपुढे त्याचं काही चालत नाही.

विसाव्या शतकात सापळ्याला वेळ मिळाला. पहिल्या महायुद्धात, १९१७च्या वसंतात, जर्मन सैन्य फ्रान्समध्ये हिंडेनबर्ग रेषेपर्यंत, म्हणजे मागे बांधलेल्या आपल्या तटबंदीपर्यंत, मागे सरकलं आणि जाताना घरं, विहिरी, रस्ते निकामी करत, मागे सापळे पेरत गेलं. १७ मार्चला ऑस्ट्रेलियन तुकड्या बापोम गावात शिरल्या. नगरभवन शाबूत होतं. उद्ध्वस्त गावात शाबूत इमारत दिसली की थकलेला माणूस तिथेच पथारी टाकतो. सैनिक तिथे झोपू लागले, कॉफीचा गाळाही लागला. आठ दिवसांनी, २५ मार्चच्या रात्री, इमारत उडाली. मेलेल्यांत सैनिकांबरोबर दोन फ्रेंच खासदारही होते. स्फोट लांबवायची युक्ती साधी होती. आम्ल एक तार हळूहळू खात राही. पण त्या आठ दिवसांचं काम तारेपेक्षा विश्वासाने केलं. पहिल्या दिवशी लोक इमारत तपासतात, आठव्या दिवशी कोण तपासणार?

व्हिएतनामात बांबू पुरला. आगीवर कडक केलेल्या टोकदार खुंट्या खड्ड्यात, वर पाचोळा. अमेरिकनांनी बुटाच्या तळव्यात पोलादी पत्रा बसवला. तरी एक जवान जायबंदी झाला की त्याला उचलायला दोघं-चौघं लागत, आणि पुढची सगळी तुकडी पाय जपून टाकू लागे. सापळ्याची किंमत जखमांत मोजतात, त्याहून जास्त मंदावलेल्या पावलांत मोजावी.

गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. काटेकोर अर्थाने तो भूसुरुंग होता, बूबी ट्रॅप नव्हे. पण आधी रस्त्याच्या कामावरची वाहनं पेटवली गेली होती आणि जवान त्या खबरीवरूनच निघाले होते. खबर आली की निघायचं, ही चांगल्या पोलिसाची सवय आहे. तीच हेरली गेली होती. नक्षलग्रस्त भागात पायी, रस्ता सोडून जा आणि आल्या वाटेने परतू नका, असं जवानांना का शिकवतात ते यावरून कळावं.

आता गोष्टीतले सापळे. थडग्यातली गडगडणारी शिळा, भिंतीतून सुटणारे बाण, खाली येणारं छत. पडद्यावर मजा येते, पण दोर कुजतो, लाकूड वाकतं आणि एकदा सुटलेला बाण पुन्हा लावायला कोणीतरी लागतो. हजार वर्षं ही देखभाल कोण करणार? इजिप्तमध्ये हवारा येथे तिसऱ्या अमेनेम्हेतच्या पिरॅमिडची दफनखोली एकाच क्वार्ट्झाइट शिळेतून कोरली आहे, सुमारे ११० टनांची. वाटेत सरकत्या शिळा आणि फसव्या वाटा. कुणाला मारायची योजना तिथे नव्हती, चोराचा वेळ खायची होती. चोरांनी वेळ काढला आणि प्राचीन काळातच खोली रिकामी केली.

गोष्टीचा सापळा नायकाला इशारा देतो. आधी आलेल्याचा सांगाडा दिसतो, मग ‘खट्’ होतं, आणि पळायला वेळ मिळतो. यातली एक समजूत मला घातक वाटते. सुरुंगावर पाय पडला, ‘खट्’ झालं, आता पाय उचलला नाही की वाचलो, ही ती समजूत. बहुतेक दाबाचे सुरुंग दाब पडताक्षणी फुटतात.

सापळ्याची सगळ्यात सच्ची गोष्ट आपल्याला पाठ आहे, ती लाक्षागृहाची. ताग, राळ, तूप, लाख भिंतीत कालवलेली. विदुराने सांकेतिक भाषेत दिलेली सूचना युधिष्ठिराला कळते, वारणावतात भिंतीचा वास घेऊन तो घर ओळखतो, खनक भुयार खणतो, आणि आग भीमच लावतो. इथवर सगळे सांगतात. पुढची ओळ सांगताना आवाज खाली येतो. त्या रात्री एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे जेवून, मद्य पिऊन तिथेच झोपले होते. पांडव सुटले आणि ती सहा माणसं जळाली. सकाळी त्यांची प्रेतं पाहून लोकांनी कुंती आणि पांडव मेले म्हणून शोक केला. दुर्योधनाचा माणूस पुरोचन याने पाच भाऊ आणि आई यांच्यासाठी घर बांधलं होतं. आत पाच भाऊ आणि आईच होती, फक्त दुसरी.

युद्धाच्या कायद्यातली यादी हीच गोष्ट समोर ठेवून वाचावी. १९८०च्या आंतरराष्ट्रीय शस्त्रकराराचा दुसरा प्रोटोकॉल, म्हणजे सुरुंग-सापळ्यांविषयीचा जोडकरार, १९९६मध्ये कडक झाला. भारताने तो १९९९मध्ये मान्य केला. खेळणी, अन्न, पाणी, स्वयंपाकाची भांडी, औषधं, जखमी, प्रेतं, कबरी, देवाच्या वस्तू, जनावरं यांना सापळा जोडायला बंदी आहे. भुकेलेला भांड्याला हात लावतो, मूल बाहुली उचलतं, आई प्रेत उलटून चेहरा पाहते. नेमके हेच हात कायद्याने वाचवायला घेतले आहेत. सापळे कुठे लावले त्याची नोंद ठेवणंही बंधनकारक आहे, कारण लावणारा निघून जातो आणि सापळा तिथेच राहतो.

सापळे पेरलेल्या भागात अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नये, तार ओढू नये, कापूही नये, दगड तर मुळीच मारू नये. थांबायचं, बरोबरच्यांना थांबवायचं, आत्ताच ज्या पावलांनी धोक्याविना आलो त्यांवरच पाऊल ठेवून मागे फिरायचं, आणि जागेची खूण सांगून जाणकारांना बोलवायचं.